दोन कागद

वेचणीचे दिवस आहेत. कुणी भाकरी थापत ऐकत असेल, कुणी रेडिओ ओट्यावर ठेवून भांडी घासत असेल. आजचा विषय जड आहे. लहान लेकरं जवळ असतील तर त्यांना जरा अंगणात पाठवा, मग ऐका.

मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एक कागद आला. शेजारच्या तालुक्यात एका शाळकरी पोरीवर अत्याचार झाला होता. गावाचं नाव घेत नाही, पोरीची ओळख कळेल असं काहीच सांगत नाही. तसं सांगणं कायद्यानं गुन्हा आहे आणि माणुसकीलाही धरून नाही. कागदावर लिहिलं होतं : आरोपीला एका महिन्यात भर चौकात फाशी द्या. खाली सह्यांसाठी रेघा आखलेल्या होत्या. हप्त्यांचा हिशेब बाजूला राहिला. अकरा गटांच्या बाया होत्या आणि कागद भराभर फिरत होता. अंगठ्याची शाई एका हातातून दुसऱ्या हातात जात होती.

आम्हीही सही करणारच होतो, हे आधीच सांगतो. आमच्या मनात तेव्हा दुसरा विचारच नव्हता. २०१९ च्या डिसेंबरात हैदराबादमध्ये डॉक्टर मुलीच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मेले, तेव्हा आम्ही बैठकीत पेढे वाटले होते. गटाच्या पैशातून नव्हे, वर्गणी काढून. पुढे सर्वोच्च न्यायालयानं चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष आपल्याच महाराष्ट्रातले निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकर होते. २०२२ मध्ये आयोगाचा अहवाल आला : पोलिसांनी जाणूनबुजून, मारण्यासाठीच गोळ्या घातल्या, आणि चौघांपैकी तिघे अठरा वर्षांखालचे होते. ही बातमी आमच्यातल्या एकीनं मोबाईलवर वाचून दाखवली होती. त्या दिवशी पेढ्यांची आठवण कुणी काढली नाही.

तर कागद फिरत फिरत पारधी वस्तीवरच्या एका ताईपाशी आला. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मला नको." सगळ्या तिच्याकडं बघायला लागल्या. एक वहिनी फटकन बोलून गेली, "तुला पोरगी नाही का गं?" ताई म्हणाली, "दोन हायेत. पन चोरी झाली की रात्री पालावर कोन येतं? आमच्यातला हाताला लागंल त्याला गाडीत घालत्यात. आता तुमी म्हनताय महिन्यात फाशी. महिन्यात कोन घावंल त्यांना? आमचंच पोरगं घावंल."

खोलीत कुणी बोललं नाही. ब्रिटिशांनी १८७१ साली कायदा करून आख्ख्या जमातींनाच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ साली गेला. कायदा गेला तरी संशय गेला नाही, हे आपल्याला गावात राहून कळतं.

घरी येऊन आम्ही जुन्या बातम्या शोधल्या. नाशिकचं एक प्रकरण सापडलं. २००३ च्या जून महिन्यात शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच माणसं मारली गेली. घरातल्या बाईवर आणि मुलीवर अत्याचार झाले, मुलगी मेली, आई वाचली. गुन्हा इतका भयंकर की ऐकूनच हात थरथरतात. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले. २००६ मध्ये नाशिकच्या न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयाचा शिक्का बसला. पुढं प्रकरण पुन्हा उघडलं गेलं आणि त्याच सर्वोच्च न्यायालयानं ५ मार्च २०१९ ला सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या आईनं सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंमधून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं, आणि त्यांच्यावर खटलाच चालला नव्हता. सोळा वर्षं सहा माणसं आत होती. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयानं प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं.

आता हिशेब करा. गट चालवणाऱ्या बाया आहोत, हिशेब आपल्याला येतो. पहिल्याच निकालानंतर महिन्यात फाशी झाली असती, तर २०१९ साली न्यायालयानं सोडायचं कुणाला? आणि त्या आईचं काय? तिच्या पोरीला मारणारे खरे कोण, ते मोकळेच राहिले. चुकीच्या माणसाला शिक्षा होते तेव्हा खऱ्या गुन्हेगाराला कायमची सुट्टी मिळते. ही गोष्ट आम्हाला आधी सुचलीच नव्हती.

पण बैठकीत हे सगळं आमच्याजवळ नव्हतं, तिथं नुसती गरमागरमी झाली. तीन लेकींची एक आई आहे, आमच्या गटाची कोषाध्यक्ष. ती उभी राहिली. ती काय बोलली ते जसंच्या तसं सांगतो, कारण तिचं म्हणणं हलकं नाही. "ज्याच्या घरी मढं पडलं त्याला तुम्ही पुरावा शिकवता का? कोपर्डीच्या पोरीसाठी लाखो लोक रस्त्यावर आले, म्हणून सरकार हललं. दिल्लीच्या पोरीचा डिसेंबर २०१२ ला घात झाला आणि फाशी झाली मार्च २०२० मध्ये. सात वर्षं तिची आई कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती. मग लोकांनी मागणी करायची नाही तर काय करायचं? कायदा गरिबाच्या पोरीसाठी हलतच नाही, आपण ओरडलो तरच हलतो."

तिला उत्तर देणं सोपं नाही. आपल्याच नागपुरात १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबा नगरच्या बायांनी अक्कू यादव नावाच्या गुंडाला न्यायालयाच्या इमारतीतच ठार मारलं. कित्येक वर्षं तो वस्तीतल्या बायापोरींवर अत्याचार करत होता आणि तक्रारीला कुणी दाद देत नव्हतं. त्या दिवशी तो जामिनावर सुटणार अशी भीती बायांना होती. पुढं खटला चालला आणि २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या बायांना खुनी म्हणायला आमची जीभ रेटत नाही. पण त्यांना तिथपर्यंत कुणी आणलं? पहिली तक्रार घेऊन बाई ठाण्यात गेली तेव्हाच ती नीट लिहून घेतली असती, तर तिला चटणीची पूड आणि विळा घेऊन कोर्टात जायची वेळ आली नसती. सूड आपोआप उगवत नाही. न्यायाचं दार बंद राहिलं की माणूस खिडकी फोडतो.

बैठक मोडायला आली होती. तेवढ्यात मागच्या भिंतीला टेकून बसलेली एक बाई बोलली. दहा वर्षं गटात आहे, बचतीचे पैसे देते आणि जाते, कधी तोंड उघडत नाही. म्हणाली, "माझी एक भाची होती. नऊ-दहा वर्षांची. तिच्याच काकानं..." एवढं बोलून थांबली. मग म्हणाली, "आजीला कळलं होतं. आजी म्हणाली, बोललीस तर तुझ्या काकाला फासावर देतील, काकी रांडमुंड होईल, पोरं उघडी पडतील, आणि ते पाप तुझ्या माथी बसंल. पोरगी गप बसली. काका अजून आहे. लग्नकार्यात पंगतीत तोच वाढतो."

भाची आता कुठं असते, हे आम्ही विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

या एका गोष्टीनं आमच्या डोक्यातलं सगळं हललं. आपण फाशी म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर अंधारातला परका नराधम असतो. पण सरकारी आकडेवारी दरवर्षी हेच सांगते, की नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी मुलीच्या ओळखीचा असतो : शेजारी, नातेवाईक, लग्नाचं आमिष दाखवणारा, कधी घरातलाच. बारा वर्षांखालच्या मुलीवर बलात्कार केला तर फाशीही होऊ शकते, असा कायदा २०१८ मध्ये झाला. कागदावर बरा वाटतो. पण आजी-आईच्या मनात फाशीचा दोर आला की पहिलं तोंड कुणाचं दाबलं जातं? पोरीचंच. जन्मठेप म्हटलं तरी घर हादरतं, फाशी म्हटलं की घर आरोपीच्या बाजूनं उभं राहतं. आणि आणखी एक. बलात्काराला आणि खुनाला एकच शिक्षा असेल, तर पोरीला जिवंत सोडून साक्षीदार कोण ठेवील?

दिल्लीच्या घटनेनंतर न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांची समिती नेमली होती. देशभरातून फाशीची मागणी होत असतानाही २०१३ च्या जानेवारीत या समितीनं बलात्कारासाठी फाशी सुचवली नाही. तिनं जास्त भर दिला तो तक्रार लिहून घेण्यावर, तपासावर, दवाखान्यातल्या वागणुकीवर. सरकारनं तरी काही गुन्ह्यांना फाशी लावलीच. आपल्या राज्यात शक्ती कायद्याचं विधेयकही फाशीच्या तरतुदीसह विधिमंडळात मंजूर झालं होतं, पण ते राष्ट्रपतींच्या संमतीपाशी अडकलं. शिक्षा वाढवणं सरकारला स्वस्त पडतं बायांनो. ठाण्यात रात्री महिला अधिकारी बसवायला पैसे लागतात.

आमच्या तोंडात बसलेल्या एका शब्दाबद्दलही बोलायला हवं. आपण म्हणतो, "पोरीची अब्रू गेली, तिचं आयुष्य संपलं, जिवाला जीव घ्या." म्हणजे जी पोर जिवंत आहे, उद्या शाळेत जाणार आहे, तिला आपणच मेलेली ठरवतो. तिची अब्रू कशी काय गेली? ज्यानं केलं त्याची गेली. आमच्यातल्या एका सत्तरीच्या आजीनं बैठकीत हेच विचारलं, "चोर घरात शिरला तर घरवाल्याची लाज जाती का?" आणि तिनंच फाशीच्या कागदावर अंगठाही दिला, ही गंमत पण सांगून ठेवतो. माणसाच्या मनात दोन्ही असतं.

शेवटी एकमत झालं नाही. मतदान घ्यावं असं कुणी म्हणालं, आम्ही घेतलं नाही. अशा गोष्टीत हात वर करून काय ठरणार? मग दोन कागद केले. पहिला होता तसाच ठेवला, फक्त "एका महिन्यात" आणि "भर चौकात" हे शब्द खोडले. ते खोडायला कोषाध्यक्षबाईही तयार झाली. पारधी ताईकडं बघून म्हणाली, "तुझं पोरगं नको सापडायला." दुसरा कागद नवा लिहिला. त्यात मागितलं : तपास मुदतीत पूर्ण करा, खटला पॉक्सोच्या विशेष न्यायालयात शक्यतो वर्षाच्या आत संपवा, कायद्यातच तसं म्हटलंय, मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथं, वर्दी न घालता घ्या, मनोधैर्य योजनेतली मदत तिच्या घरच्यांना खेटे न घालायला लावता द्या, शाळेच्या वाटेवरचे दिवे लावा. दुसऱ्या कागदावर सगळ्यांच्या सह्या आहेत. पहिल्यावर निम्म्याहून थोड्या जास्त. आमची सही दुसऱ्यावरच आहे.

तहसील कार्यालयात दोन्ही दिले. साहेबांनी विचारलं, "तुमच्यात फूट पडली का?" कोषाध्यक्षबाई म्हणाली, "फूट नाही साहेब, दोन्ही वाचा." पोच घेऊन आलो. दिवे अजून लागलेले नाहीत, दर सोमवारी फोन करतो.

आता कामाचं सांगतो, पेन असेल तर लिहून घ्या. लेकरांसाठी १०९८. बायांसाठी १८१. फुकट वकिलासाठी १५१००. बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते. "आमच्या हद्दीत नाही" असं कुणी म्हणालं तर 'झिरो एफआयआर' म्हणा, हा शब्द पाठ करून ठेवा. अशा गुन्ह्याची तक्रार न घेणाऱ्या पोलिसावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. आणि अठरा वर्षांखालच्या लेकरावर अत्याचार झाल्याचं आपल्याला कळलं, तर ते कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. घरातलं प्रकरण म्हणून झाकता येत नाही.

पुढच्या बैठकीला तालुका विधी सेवा समितीच्या वकीलबाई येणार आहेत. त्यांच्यासाठी प्रश्नांचा डबा ठेवलाय, नाव लिहायची गरज नाही. पहिली चिठ्ठी कोषाध्यक्षबाईनं सगळ्यांसमोर टाकली : खटला लांबू नये म्हणून आईबापांनी काय करायचं? दुसऱ्या दिवशी डब्यात आणखी एक चिठ्ठी निघाली, शाळेच्या वहीचा कागद, अक्षर कच्चं. लिहिलं होतं : वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आता सांगितली तर चालते का?

वकीलबाईंना विचारतो आणि पुढच्या बुधवारी याच वेळेला उत्तर सांगतो. तोवर जिनं ती चिठ्ठी टाकली तिनं आमच्या घरी केव्हाही यावं. दार पुढचंच आहे, मागून यायची गरज नाही.