किन्नराची सीट



पांढरकवड्याजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ श्रीनगरला सुरू होतो आणि कन्याकुमारीला संपतो. आपल्याकडची जुनी माणसं त्याला अजून जुन्या क्रमांकानं ‘सात नंबर’च म्हणतात. नागपूरकडून आलेला ट्रक पाटणबोरी, पिंपळखुटी करत पैनगंगा ओलांडतो, की तेलंगण लागलं. या रस्त्याकाठी वाढलेल्या पोराला ट्रक चालवावासा वाटला तर नवल नाही. पण शिकवायचं कोणी?

आजवर उत्तर एकच होतं: किन्नर, म्हणजे ट्रकवरचा क्लीनर, व्हा. गाडी धुवा, ताडपत्री बांधा, टायर ठोकून हवा बघा, उस्तादाची, म्हणजे ड्रायव्हरची, भाजी शिजवा. दोन-तीन वर्षांनी रस्ता मोकळा आणि उस्ताद खुशीत असला, तर स्टेरिंग हाती येई. लोक म्हणतात, या शिक्षणाला फी नव्हती. होती की! ती वर्षांत मोजून घेत. शिवाय उस्तादाच्या खोडीही त्यातच मिळत. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायचं, ही त्यातली एक. न्यूट्रल केलं की इंजिनाचा आवर सुटतो, भरल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. हे कोणी समजावून सांगत नसे.

मालकानं स्वतःच्या खर्चानं ड्रायव्हर घडवावा, याचा नमुना मात्र आपल्याच जिल्ह्यात आहे. तो ट्रकचा नाही, एसटीचा. २०१९ मध्ये महामंडळानं यवतमाळ जिल्ह्यातल्या २१ आदिवासी तरुणींना बस चालवायला शिकवायचं ठरवलं. बायकांसाठी उंचीची अट १६० वरून १५३ सेंटीमीटर केली. हलक्या वाहनाचं लायसन हाती असलं की पुरे, हेवीचं शिक्षण महामंडळ देणार. मधे कोरोना आला, वाट पाहावी लागली. तरी २०२३ मध्ये एसटीच्या स्टेरिंगवर बाई दिसली. या बायकांना कोणाच्या हाताखाली भाजी शिजवावी लागली नाही.

ट्रकच्या धंद्यात ही रीत परदेशात, विशेषतः अमेरिकेत, रुळलेली आहे. कंपनी शिकवते, लायसन काढून देते आणि ठरावीक काळ आपल्याकडेच चालव म्हणते. मधेच सोडलं तर शिकवणीचा खर्च भरून द्यायचा. आपल्याकडे याला सरळ बाँड म्हणतात. बाँड वाईटच असतो असं नाही. किन्नराची तीन वर्षं हाही बाँडच होता, फक्त कागदावर नव्हता.

आता कायद्याचं थोडक्यात. जड मालवाहू गाडीच्या लायसनसाठी वय २० पूर्ण हवं आणि त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन वर्षभर तरी हातात असायला हवं. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. तेव्हा अठरा पूर्ण झालेल्यानं हलकं लायसन आजच काढावं.

कुठली कंपनी ‘फुकट शिकवतो’ म्हणाली, तर तीन गोष्टी विचारा. शिकताना भत्ता किती? बाँड किती महिन्यांचा? मधेच सोडलं तर किती भरायचं? आणि कायद्यानं दिवसाचं काम आठ तासांचं धरलं आहे, त्याबद्दल काय म्हणता, हेही हळूच विचारा. उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघा.

कागद मराठीत मागा. तिथल्या तिथं सही करू नका. घरी आणा, एक रात्र राहू द्या.