नाटक सगळ्यांनी पाहावे

(मुळशी तालुक्यातील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज मी तुमच्याशी नाटकाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, नाटक बघायला काय शिकायचं? तिकीट काढावं, खुर्चीवर बसावं, पडदा उघडला की बघावं. झालं!

खरं आहे. पण हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. गावागावांत एखाददुसरं घर असं असतं की त्या घरातलं एक मूल कधी नाटकाला येत नाही. जत्रेला येत नाही. लग्नाच्या मांडवात बसत नाही. ढोल वाजू लागला की ते कान दाबून धरतं, ओरडतं, जमिनीवर लोळण घेतं. मग लोक काय म्हणतात? कुणी म्हणतं, "पोर वेडं आहे." कुणी म्हणतं, "बाहेरची बाधा आहे, भगताकडे न्या." कुणी म्हणतं, "आईनं लाडावून ठेवलंय." हे ऐकून ऐकून ती आई घराबाहेर पडेनाशी होते. सगळा गाव जत्रेत, आणि मायलेकरं दाराला आतून कडी लावून बसलेली!

मंडळी, ही शिक्षा कशाबद्दल? त्या मुलानं चोरी केली का? त्या आईनं काही गुन्हा केला का? याचा आज विचार करू.

कान तेच, ऐकणं निराळं

आपल्या मुळशीत पाऊस किती, ते मी सांगायला नको. ताम्हिणीकडे तर आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही. पत्र्यावर पाऊस वाजत असतो आणि आपण खुशाल झोपतो. आंबेमोहराचा भात शिजला की वास चार घरं जातो. आपल्याला तो गोड वाटतो. पण काही माणसांना पत्र्यावरचा तोच आवाज डोक्यात घण घातल्यासारखा लागतो. भाताचा तोच वास सोसवत नाही. नव्या कपड्याची शिवण काट्यासारखी टोचते. झगमगता दिवा डोळ्यांत सुई गेल्यासारखा वाटतो.

असं का होतं? आवाज कानात शिरतो, पण त्याचा अर्थ लावतो तो मेंदू. रेडिओला आवाज कमीजास्त करायचं बटण असतं ना? आपल्या मेंदूलाही तसं बटण आहे असं समजा. नको तो आवाज आपण नकळत बारीक करतो. ज्यांना हे बटण फिरवता येत नाही, त्यांच्यावर सगळे आवाज एकदम येऊन आदळतात.

ज्या मुलांना स्वमग्नता असते, त्यांच्यापैकी पुष्कळांना असा त्रास होतो. स्वमग्नता हा शब्द मोठा आहे, पण ध्यानात ठेवा. अमेरिकेतल्या लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी १९४३ साली अशा मुलांबद्दल पहिल्यांदा सविस्तर लिहिलं. पुढं काही वर्षं मोठमोठे डॉक्टरसुद्धा म्हणत होते की आईनं माया केली नाही म्हणून मूल असं झालं. ते साफ खोटं ठरलं. मुलाच्या मेंदूची घडणच वेगळी असते. आईचा दोष नाही, बापाचा नाही, आणि बाधा तर मुळीच नाही.

मात्र कान झाकणारं प्रत्येक मूल स्वमग्न असतं असंही नाही. ते डॉक्टरांनी तपासून सांगायचं. म्हणून भगताकडे जाण्यात दिवस घालवू नका. पौडला ग्रामीण रुग्णालय आहे, तिथं आधी विचारा.

पूर्वीचं नाटक आणि आताचं नाटक

मराठी नाटकाची सुरुवात आपण १८४३ सालापासून धरतो. त्या वर्षी विष्णुदास भावे यांनी सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं. पण त्याच्याही आधीपासून गावोगाव खेळ होतच होते. ते खेळ कसे असत, आठवा. देवळापुढं किंवा माळावर माणसं बसायची. कुणी उठायचं, कुणी यायचं. पोरं मांडीवर झोपायची. आई मध्येच घरी जाऊन भाकरी टाकून यायची. पोर रडलं तर बाजूला घेऊन फिरायची. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

शहरातल्या नाट्यगृहाची रीत वेगळी. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उघडलं. आपल्याला त्याहून जवळचं म्हणजे कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह. पौडहून पिरंगूट, भूगाव, चांदणी चौक करत गेलं की वाटेवरच आहे. अशा नाट्यगृहात दारं बंद होतात. तीन घंटा होतात. तिसऱ्या घंटेनंतर दिवे जातात. काळोखात सगळ्यांनी गप्प बसायचं. कुणी बोललं तर लोक मान वळवून बघतात. नटांना त्रास होऊ नये म्हणून ही रीत आहे, आणि ती चांगलीच आहे. पण जे मूल गप्प बसू शकत नाही, त्याच्यासाठी तिथं जागा उरत नाही.

यावर बाहेरच्या देशांत एक तोड काढली आहे. २ ऑक्टोबर २०११ रोजी न्यूयॉर्क शहरात 'लायन किंग' या संगीत नाटकाचा एक खास प्रयोग झाला. तो स्वमग्न मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी होता. नाटक तेच, नटही तेच. फक्त आवाज कमी केला, डोळ्यांवर येणारे झगमगते दिवे काढले आणि बाहेर शांत बसायला जागा ठेवली. मूल उठलं, ओरडलं, नाचलं तरी कुणी रागावणार नाही, हे आधीच ठरलं होतं. आता पुष्कळ ठिकाणी असे प्रयोग होतात.

मंडळी, नीट पाहिलंत तर ही आपल्या माळावरच्या खेळाचीच रीत आहे! ती आपल्याला नवी नाही.

आधी घरी तयारी

असा खास प्रयोग जवळपास लागला तर उत्तमच. पण तेवढ्यासाठी अडून बसायला नको. नीट तयारी केली तर नेहमीच्या प्रयोगालाही जाता येतं. ही तयारी दोन आठवडे आधी सुरू करावी.

पहिली गोष्ट, नाटक निवडणं. लहान नाटक निवडा. दुपारचा प्रयोग बरा. घरातल्या मोठ्या माणसानं ते आधी पाहिलं असेल तर फार चांगलं. कुठं मोठा आवाज आहे, कुठं अंधार आहे, कुठं भुताखेताचं सोंग येतं, हे त्याला सांगता येईल. रत्नाकर मतकरी यांचं 'अलबत्या गलबत्या' हे नाटक घ्या. त्यात चिंची नावाची चेटकीण आहे. पूर्वी हे काम दिलीप प्रभावळकर यांनी केलं. २०१८ साली नाटक नव्यानं आलं, तेव्हा वैभव मांगले यांनी केलं. म्हणजे चेटकिणीच्या आत एक साधा माणूस आहे! नटाचं रंग न लावलेलं चित्र आणि सोंगातलं चित्र शेजारी शेजारी ठेवून मुलाला दाखवा. कळलं की भीती निम्मी होते.

दुसरी गोष्ट, जे होणार ते आधी सांगणं. अशा मुलांना अचानक काही झालेलं सोसत नाही. पुढं काय होणार हे ठाऊक असलं की ती पुष्कळ सोसतात. कॅरल ग्रे नावाच्या अमेरिकन शिक्षिकेनं सुमारे १९९० साली यासाठी एक सोपी युक्ती काढली. जे घडणार आहे त्याची छोटी गोष्ट लिहायची आणि ती मुलाला रोज वाचून दाखवायची.

तुम्ही आता लिहायला शिकलात. ही गोष्ट तुम्हीच लिहा. वहीच्या एका पानावर एकच ओळ. शेजारी चित्र काढा, वेडंवाकडं चालेल. गोष्ट अशी:

रविवारी मी नाटकाला जाणार.
आई आणि मामा बरोबर असतील.
आम्ही बसने कोथरूडला जाऊ.
तिथे खूप खुर्च्या असतील. माझी खुर्ची दाराजवळ असेल.
घंटा तीन वेळा वाजेल.
मग अंधार होईल. आई माझा हात धरील.
पडदा उघडेल. माणसे बोलतील, गातील.
लोक टाळ्या वाजवतील. मी वाजवल्या नाहीत तरी चालेल.
नको वाटले तर मी कानाला हात लावीन.
मग आम्ही बाहेर जाऊ.
नाटक संपले की आम्ही घरी येऊ.

बघा, किती सोपे शब्द आहेत. पण यात एकही ओळ खोटी नको. "अजिबात आवाज होणार नाही," असं लिहू नका. आवाज झाला की मुलाचा तुमच्यावरचा विश्वास उडेल.

तिसरी गोष्ट, सराव. घरी ताटली तीन वेळा वाजवा आणि दिवा मालवा. आधी थोडा वेळ, मग जास्त वेळ. घरातल्यांनी मिळून टाळ्या वाजवा. आधी हळू, मग जरा जोरात. मुलाला हसत खेळत शिकू द्या. तो नको म्हणाला तर त्या दिवशी थांबा.

चौथी गोष्ट, व्यवस्थापकांशी बोलणं. तिकीट काढताना खुर्च्यांचा तक्ता बघायला मागा. वाटेच्या कडेची आणि दाराजवळची जागा घ्या. आवाजाचे मोठे कर्णे पुढं दोन्ही बाजूंना असतात, त्यांच्याजवळ बसू नका. व्यवस्थापकांना सरळ सांगा, "आमच्या मुलाला मोठा आवाज सोसत नाही. मध्येच बाहेर जावं लागेल आणि पुन्हा आत यावं लागेल." हे सांगण्यात लाज कसली? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं सांगितली आहेत. त्यात स्वमग्नता आहे. नाटक, गाणं, खेळ यांत अशा माणसांना इतरांसारखाच भाग घेता यावा, असंही त्या कायद्यात आहे. म्हणजे तुम्ही भीक मागत नाही. हक्काचं बोलता आहात.

नाटकाच्या दिवशी

मुलाला पोटभर जेवू घाला. अंगात धुऊन मऊ झालेला जुना कपडा असू द्या. नवा कडक कपडा नको. बरोबर दोन मोठी माणसं हवीत. एक मुलाबरोबर बाहेर गेलं, तर दुसरं धाकट्या भावंडांपाशी बसेल.

पिशवीत काय घ्यावं? पाणी. ओळखीचा खाऊ. मुलाच्या आवडीची वस्तू, मग ती दोरी असो नाहीतर चमचा. कानटोपी किंवा मफलर. कारखान्यात मोठ्या यंत्रापाशी काम करणारे कामगार कानांवर जाड झाकणं घालतात. तशी मिळाली तर फारच चांगलं. ती घरी घालायची सवय आधी करून घ्या.

गर्दी व्हायच्या आत पोचा. आधी मुतारी दाखवा, मग बाहेर शांत कोपरा कुठं आहे ते पाहून ठेवा. मग खुर्ची दाखवा. एक खूण ठरवा. कानाला हात म्हणजे बाहेर जायचं. मुलानं खूण केली की लगेच उठा. "थोडं थांब, आता मजा येईल," असं म्हणू नका. एकदा त्याची खूण मानलीत की पुढच्या वेळी तो जास्त वेळ बसेल. बाहेर काढतील म्हणून त्याला धाक घालू नका, मारू नका, बळजबरीनं धरून ठेवू नका.

मध्यंतरात गर्दी आणि गोंगाट फार होतो. त्याआधीच बाहेर मोकळ्या जागेत या. आणि समजा, अर्ध्यातच घरी यावं लागलं तर? तर काय झालं! आज पाव नाटक पाहिलं, पुढच्या वेळी अर्धं पाहील. पाव नाटक हेही नाटकच आहे.

शेजारी बसणाऱ्यांनी काय करावं?

आता हे मी आईबापांना नाही, तुम्हा सगळ्यांना सांगतो. कारण निम्मी तयारी शेजाऱ्यांची असते.

नाटकात एखादं मूल अवेळी हसलं, हात हलवू लागलं, तर मान वळवून टक लावू नका. "आवरा हो पोराला," असं म्हणू नका. ती आई आधीच घामाघूम झालेली असते. जमलं तर एवढंच विचारा, "ताई, पिशवी धरू का?" या एका वाक्यानं ती पुढच्या वेळी येईल. टोमणा मारलात तर कधीच येणार नाही.

आपल्या गावातही पुष्कळ करता येईल. शाळेचं स्नेहसंमेलन असतं. त्याच्या आधी रंगीत तालीम होते. कपडे तेच, नाच तेच, पण गर्दी नसते. त्या तालमीला या मुलांना बोलवा. दिवे सगळे मालवू नका, कर्ण्याचा आवाज अर्धा ठेवा, दार उघडं राहू द्या. याला एक पैसा जास्त लागत नाही. गुरुजींना आणि सरपंचांना विचारा, ते नाही म्हणणार नाहीत. जत्रेतही कर्ण्यापासून लांब एक सतरंजी या घरांसाठी राखून ठेवा. मिचमिचणारे दिवे कमी करा. ज्यांना आकडी येते अशांपैकी काहींना तसल्या दिव्यांनी झटका येऊ शकतो. म्हाताऱ्यांनाही गोंगाट सोसत नाही. एकासाठी केलेली सोय दहा जणांना उपयोगी पडते.

मंडळी, रस्ता सगळ्यांचा असतो, पाणवठा सगळ्यांचा असतो. तसंच नाटकही सगळ्यांचं असावं. यंदा जत्रेला निघाल तेव्हा आळीतल्या बंद दारापाशी क्षणभर थांबा. कडी वाजवा आणि म्हणा, "वहिनी, चला. तुमच्यासाठी कडेची जागा धरली आहे."

 

वर्गात बोलण्यासाठी प्रश्न

१. स्वमग्नता म्हणजे बाधा नव्हे, हे तुम्ही शेजाऱ्याला कसं समजावून सांगाल?
२. मुलाला खोटा धीर का देऊ नये?
३. आपल्या गावच्या जत्रेत शांत जागा कुठं करता येईल?
४. 'मी बाजाराला जाणार' अशी दहा ओळींची गोष्ट आपल्या वहीत लिहा.