कॉर्गीचें पिलूं निवडतांना

कुत्रें पाळावें कीं पाळूं नये, हा जुना वाद मी आज उकरून काढणार नाहीं. ज्या घरांत तो वाद होऊन गेला आहे, मुलांची सरशी झाली आहे आणि वडीलमंडळी "बरें, पण लहानसें आणा" एवढ्या अटीवर राजी झाली आहे, अशा घरासाठीं माझे हे चार शब्द आहेत. लहानसें म्हटलें कीं अलीकडे पुष्कळांच्या डोळ्यांपुढें कॉर्गी उभा राहतो. कोल्ह्यासारखें तोंड, ताठ कान, लांबट अंग, आणि त्याखालीं जणूं दुसऱ्याच एखाद्या प्राण्याचे आणून लावले असावेत असे आंखूड पाय! ब्रिटनच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या भोंवतीं हीं कुत्रीं बालपणापासून अखेरपर्यंत घोटाळत असत. १९३३ सालीं त्यांच्या वडिलांनीं 'डूकी' घरीं आणला, १९४४ सालीं अठराव्या वाढदिवसास त्यांना 'सूझन' मिळाली, आणि २०२२ मध्यें त्या निवर्तल्या तेव्हांहि दोन कॉर्गी मागें राहिले होते. त्यामुळें कॉर्गी म्हणजे राजवाड्यांतलें, गादीवर लोळणारें जनावर, अशी समजूत पसरली. ती साफ चुकीची आहे; आणि निवड फसते ती बहुधा या समजुतीपायींच.

कॉर्गी हा वेल्समधील गुराखी आहे. वेल्श भाषेंत 'कोर' म्हणजे ठेंगू आणि 'की' म्हणजे कुत्रा. दोन शब्द जुळतांना 'क'चा 'ग' होतो. पेंब्रोकशायर आणि कार्डिगनशायर या परगण्यांवरून त्याच्या दोन जाती झाल्या, आणि १९३४ पासून तिकडील केनेल क्लब त्या निराळ्या मानतो. कार्डिगनचें हाड अंमळ भारी, कान मोठे व गोलसर, शेपटी लांब. पेंब्रोक थोडा सुटसुटीत. काम मात्र दोघांचें एकच: गुरांच्या मागें राहून टाचांना हलके चावे घेत त्यांना हांकणें. उंची खांद्यापाशीं १० ते १२ इंच, म्हणजे गाईनें लाथ झाडलीच तर ती डोक्यावरून निघून जावी. आतां हा कामकरी गडी आपल्या दिवाणखान्यांत आणून ठेवा. तेथें गाई नाहींत. पण मुलें आहेत, आणि मुलें धांवतात. त्याच्या दृष्टीनें तीं पांगलेलीं वासरेंच. तो टाचेला झोंबतो तो रागानें नव्हे, कर्तव्य म्हणून. लहानपणापासून शिकवितां ही खोड आवरते. परंतु शिकविण्यास ज्या घरांत कोणाला सवड नाहीं, त्या घरानें कॉर्गीच्या वाटेस जाऊं नये.

कांहीं वर्षें आम्ही कार्डिफ येथें राहत होतों. मुलीच्या हट्टास्तव जाहिरात पाहून एका घरीं गेलों. गृहस्थ मोठे अगत्याचे. त्यांनीं चहा दिला, आणि एक पिलूं आणून थेट मुलीच्या मांडीवर ठेवलें. याची आई कोठें आहे म्हणून मीं विचारलें, तर ती फिरायला गेली होती. उद्यां पुन्हां येतों म्हटलें, तर उद्यांपर्यंत पिलूं राहणार नव्हतें. पिलूं अगदीं निपचित बसलें होतें. मुलगी म्हणाली, "बाबा, किती शहाणें आहे हो!" मला त्याच्या डोळ्यांतील चिपडें आणि तट्ट फुगलेलें पोट दिसत होतें. आम्ही तसेच उठलों. वाटेंत मुलगी रडली. आणि खरें सांगतों, त्या पिलाला तेथें ठेवून येण्यांत आपण निष्ठुरपणा केला कीं काय, ही रुखरुख मला अजून आहे. परंतु असल्या ठिकाणीं दयेपोटीं मोजलेला पैसा पुढल्या वेताच्या कामीं येतो. दलालांनीं सहा महिन्यांच्या आंतील पिलें विकण्यास इंग्लंडांत २०२० पासून आणि वेल्समध्यें २०२१ पासून बंदी झाली, ती याच कारणानें. आपल्याकडेहि २०१७ च्या नियमांप्रमाणें पैदास करणारानें राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आणि आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं विकतां येत नाहीं.

दुसऱ्या खेपेस आम्ही एका शेतावरील वृद्ध बाईंकडे गेलों. त्यांनीं पिलें दाखविलींच नाहींत. आधीं आमचीच झडती घेतली. घराला जिने किती? दिवसभर घरीं कोण असतें? मुलगी कुत्र्याला उचलते ती कशी? आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतों आणि लिफ्ट नाहीं हें ऐकतांच त्या म्हणाल्या, "घर बदला, मग या." मला राग आला. माझा पैसा, माझें घर, आणि ही बाई कोण नाहीं म्हणणारी? पण जातां जातां त्यांनीं एका म्हाताऱ्या कुत्र्याकडे बोट दाखविलें. मागचे पाय लुळे पडलेले, आणि अंगणांत तो दोन चाकांच्या लहानशा गाडीवर स्वतःला ओढीत चालला होता.

कॉर्गीची पाठ लांब, पाय आंखूड. मणक्यांमधील चकत्यांवर त्यामुळें अधिक ताण येतो. रोजचे जिने, पलंगावरून उड्या, आणि सर्वांत वाईट म्हणजे वाढलेलें वजन, यांनीं तो दुणावतो. ९ ते १२ किलोंचें हें कुत्रें आजीच्या हातच्या तूप लावलेल्या पोळीनें पाहतां पाहतां पिंपासारखें होतें! उचलतांना एक हात छातीखालीं आणि दुसरा मागील पायांखालीं हवा. याशिवाय उतारवयांत मागील पाय हळूहळू निकामी करणारा, 'डीजनरेटिव्ह मायलोपथी' नांवाचा एक आनुवंशिक रोगहि या जातींत आढळतो. त्याची चाचणी निघाली आहे. दोष आढळला म्हणजे रोग होतोच असें नाहीं. तरी आईबापांच्या या चाचणीचा, तसाच खुब्यांच्या व डोळ्यांच्या तपासणीचा कागद मागावा. कागद मागतांच ज्याला राग येतो, त्याचें पिलूं घेऊं नये.

आणखी दोन गोष्टी आपल्याकडील घरांसाठीं. अंगावर केंसांचे दोन थर असल्यामुळें केंस वर्षभर गळतात, आणि वर्षांतून दोनदां तर घरभर कापूस पिंजल्यासारखें होतें. नागपूरच्या वैशाखांत या कुत्र्याला दुपारीं बाहेर नेणें म्हणजे क्रौर्य होय. दुसरें, त्याचा आवाज शेतावरचा आहे. चाळींत किंवा फ्लॅटमध्यें शेजारी तो मुकाट्यानें ऐकून घेतीलच असें नाहीं.

आठ महिन्यांनीं आम्ही तळमजल्यावर राहायला गेलों आणि पुन्हां त्या बाईंच्या दारीं उभे राहिलों. या वेळीं त्यांनीं प्रथम पिलांची आई सोडली. ती भुंकत आली, आमचे हात हुंगले, आणि माझ्या बुटाशीं टेकून बसली. बाई म्हणाल्या, "हें पाहा. बाकीचें पाहिलें नाहीं तरी चालेल." आठ आठवड्यांच्या पिलावरून त्याचा पुढचा स्वभाव वर्तविणें हें बरेंचसें ज्योतिषच, आईचा स्वभाव मात्र समोर दिसतो. पांच पिलें होतीं. मुलीचें मन कोपऱ्यांत लपलेल्या एका चिमुकल्यावर गेलें. माझें, तिच्या बुटाची नाडी ओढणाऱ्या दांडगोबावर. बाईंनीं दोन्ही नाकारलीं. पहिलें कोणा शांत, बिनमुलांच्या घरीं जाणार होतें, आणि दुसरें शेतावरच राहणार होतें. त्यांनीं मुलीच्या हातीं तिसरेंच दिलें. किल्ल्या वाजतांच तें दचकून दूर पळालें होतें, आणि क्षणभरानें त्या किल्ल्या हुंगायला आपण होऊन परत आलें होतें.