मन्मथ नावाची माणसे

(जळकोट, जि. लातूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजचा विषय पाहून आपल्यापैकी काहींच्या मनात शंका आली असेल की, एका नावावर एवढा वेळ काय बोलणार? नाव म्हणजे हाक मारण्याची सोय. आत्याने पाळण्याजवळ वाकून ‘कुर्रर्र’ केले, घुगऱ्या वाटल्या, की त्या नावाचे काम झाले! पण वर्तमानपत्रात इतकी वर्षे काढल्यावर मला एक सवय जडली आहे. लग्नपत्रिका हाती आली की मी मुहूर्त नंतर पाहतो, आधी नावे वाचतो. आपल्या भागातील पत्रिकेत तीन पिढ्या एकाखाली एक उभ्या असतात. आजोबा मन्मथप्पा, वडील शिवराज किंवा संगमेश्वर, आणि नवरदेव स्वप्नील, नाहीतर ओंकार. पुढच्या पिढीच्या बारशाच्या पत्रिकेत आरव, विहान, रुद्र. त्या चार पायऱ्यांवर मन्मथ फक्त सर्वांत वरच्या पायरीवर दिसतो, आणि बहुतेक वेळा त्याच्यामागे ‘कैलासवासी’ लागलेले असते.

आज बोलायचे आहे ते या नावाविषयी.

पुण्या-मुंबईच्या मंडळींना हे नाव सांगितले तर ती आश्चर्याने पाहतात. उर्वरित महाराष्ट्रात ते दुर्मीळच. लातूर, नांदेड, बीड, धाराशिव या पट्ट्यात मात्र ते घराघरांत होते, आणि विशेषतः वीरशैव लिंगायत कुटुंबांत. इथे जळकोट म्हणताना मी आपल्या जळकोटविषयी बोलतो आहे, नळदुर्गजवळच्या जळकोटविषयी नव्हे, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. दोन जळकोटांची गल्लत पोस्टमनसुद्धा करतात.

आता या शब्दाचा अर्थ. संस्कृतात मन्मथ म्हणजे कामदेव. मनाचे मंथन करतो तो मन्मथ, अशी व्युत्पत्ती सर्वसाधारणपणे सांगितली जाते. काही व्याकरणकार त्याला ‘मथ्’ या धातूचेच द्विरुक्त रूप मानतात. म्हणजे वारंवार, जोराने घुसळणारा. अमरकोशाने कामदेवाच्या नावांत मदनाच्या शेजारीच त्याला बसवले आहे. भागवतातील रासवर्णनात तर श्रीकृष्णाला मन्मथाचाही मन्मथ म्हटले आहे. गंमत अशी की, त्याच अमरकोशात वनौषधींच्या वर्गात मन्मथ हा शब्द पुन्हा भेटतो, आणि तिथे त्याचा अर्थ आहे कवठ! महाशिवरात्रीला आपल्याकडे कवठाची चटणी किंवा बर्फी करतात. शंकराने जाळलेला मन्मथ शंकराच्याच उपवासाला पानात येतो. यामागे काही हेतू असेल असे मी म्हणणार नाही, पण योगायोग चवदार आहे.

मुद्द्याचा प्रश्न मात्र इथूनच सुरू होतो. तपोभंग करायला आलेल्या मन्मथाला शिवाने तिसरा नेत्र उघडून भस्म केले, ही कथा कालिदासाच्या कुमारसंभवात आहे, पुराणांत आहे. दक्षिणेत होळीच्या पौर्णिमेला आजही कामदहन म्हणतात. मग गळ्यात इष्टलिंग धारण करणाऱ्या, कपाळी भस्म लावणाऱ्या निस्सीम शिवभक्तांनी आपल्या मुलांची नावे शिवाच्या या शत्रूवरून का ठेवावीत?

याचे उत्तर बीड जिल्ह्यात, मांजरसुंब्याजवळच्या कपिलधार येथे आहे. डोंगराच्या कुशीत धबधबा आहे आणि तिथे मन्मथस्वामींची समाधी आहे. मन्मथस्वामी हे सोळाव्या शतकातील वीरशैव संतकवी. त्यांच्या काळात वीरशैव परंपरेचे मोठे वाङ्मय एक तर संस्कृतात होते किंवा कन्नडात होते. बसवेश्वरांची वचने कन्नडात. मराठी बोलणाऱ्या शिवभक्ताने काय वाचावे? त्याच्यासाठी मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ हा ओवीबद्ध ग्रंथ मराठीत सिद्ध केला. ज्ञानेश्वरांनी गीता जशी मराठीत आणली, तशीच ही कृती आपल्या भागातील भाविकांना वाटते, आणि तिचा मान घराघरांत तसाच आहे. वारकऱ्यांच्या गावी हरिनाम सप्ताह होतो, तसा इकडे अखंड शिवनाम सप्ताह होतो आणि त्यात परमरहस्याचे पारायण होते. शिवपाठ होतो, शिवकीर्तन होते, टाळ-मृदंग तेच असतात. एकाच गावात एका आठवड्यात हरिनाम आणि पुढच्या आठवड्यात शिवनाम, आणि दोन्हीकडे पंगतीला तीच माणसे, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्यांना महाराष्ट्रातील भक्तिपरंपरा समजून घ्यायची आहे, त्यांनी पंढरपूर पाहावेच. पण कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारच्या वाटेवरच्या दिंड्याही पाहाव्यात. आपल्या शेजारच्या अहमदपूरचे डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज या पदयात्रेचे मोठे आधार होते. १ सप्टेंबर २०२० रोजी वयाची शंभरी ओलांडून ते लिंगैक्य झाले.

म्हणजे इथल्या आईबापांनी मुलाचे नाव मन्मथ ठेवले, तेव्हा त्यांच्या मनात कामदेव नव्हताच. मनात कपिलधारचे स्वामी होते. देवळात नवस बोलला, मूल झाले, स्वामींचे नाव ठेवले. कोशातील अर्थ आणि घरातील अर्थ असे दोन असतात, आणि माणूस हाक मारताना घरातला अर्थ वापरतो. आणि भाविक तर त्या मूळ व्युत्पत्तीचाच उपयोग करून घेतात: मन घुसळून ज्याने लोणी काढले तो मन्मथ! भाषाशास्त्रज्ञ यावर मान डोलावणार नाहीत कदाचित. मला मात्र हा अर्थ मनापासून आवडतो.

असे हे एकच नाव नाही. परळीमुळे वैजनाथ, औंढ्यामुळे आणि वडवळमुळे नागनाथ, तिरुपतीच्या ओढीमुळे व्यंकट आणि बालाजी, माळेगावच्या यात्रेमुळे खंडू आणि मल्हारी. उदगीरच्या मठामुळे हावगीराव. हे शेवटचे नाव तर मन्मथहूनही मर्यादित प्रदेशातले आहे. नावांवरून नकाशा काढता येईल इतकी ही गावे नावांत रुजलेली आहेत.

मन्मथच्या पुढे ‘अप्पा’ कुठून आला, हेही सांगण्यासारखे आहे. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. भाषावार पुनर्रचनेत ते इकडे आले, आधी उस्मानाबाद जिल्ह्यात आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात. सोयरिकी मात्र त्याच राहिल्या. कन्नडातील अप्पा मन्मथला चिकटला आणि मन्मथप्पा झाला. ज्याला जरा देशमुखी थाट हवा होता तो मन्मथराव झाला. मित्रांनी त्याचा ‘मनू’ केला.

आता पूर्वेकडे पाहू. देगलूर ओलांडले की तेलुगू सुरू होते. तिकडे हाच शब्द ऐकला तर लोक हसून पाहतात. २००२ साली नागार्जुन यांचा ‘मन्मधुडु’ हा तेलुगू चित्रपट आला, २००४ मध्ये तमिळमध्ये ‘मन्मदन’ आला. तिथे मन्मथ म्हणजे तरुणींच्या हृदयाचा चोर. पन्नास कोसांच्या अंतरात एका नावाचा संत होतो आणि छैलछबिला होतो!

आणि बंगालमध्ये? तिथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुशिक्षित घरांत मन्मथनाथ हे नाव चांगलेच रूढ होते. रामायण-महाभारताचे इंग्रजी गद्य भाषांतर करणारे मन्मथनाथ दत्त त्यातले. शिकागोला जाण्यापूर्वी स्वामी विवेकानंद मद्रासमध्ये ज्यांच्याकडे उतरले होते, ते सरकारी लेखाधिकारी मन्मथनाथ भट्टाचार्य. आणि आपल्याला विशेष आठवावेत ते मन्मथनाथ गुप्त. १९०८ साली काशीत जन्मलेले. ९ ऑगस्ट १९२५ च्या काकोरी प्रकरणात ते सहभागी होते तेव्हा वय अवघे सतरा. वय कमी म्हणून फाशी टळली, चौदा वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्यांनी क्रांतिकारकांच्या चळवळीवर भरपूर लेखन केले आणि २००० साली त्यांचे निधन झाले. रामप्रसाद बिस्मिल आणि अशफाकउल्ला यांची नावे आपण मुलांना सांगतो. त्यांच्या सोबत एक मन्मथही होता, हे जळकोटच्या शाळेतल्या मुलांना सांगायला हरकत नाही. बंगालमध्येही आता नव्या मुलांना हे नाव सहसा ठेवत नाहीत.

इकडे ते का मागे पडले? याला साधारण दोन कारणे सांगितली जातात. एक म्हणजे अर्थाची लाज. मुलगा महाविद्यालयात जातो, कोणीतरी संस्कृतचा विद्यार्थी त्याला अर्थ सांगतो, आणि त्या दिवसापासून त्याची थट्टा सुरू होते. आपल्याकडे लोक नाव ठेवतात आणि नावेही ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. पण मला हे कारण पुरेसे वाटत नाही. कारण मदन हे नाव महाराष्ट्रात सर्वत्र होते आणि आहे. अर्थ तोच, देव तोच. मदनला कोणी लाजले नाही. मग मन्मथनेच का लाजावे?

दुसरे कारण मला अधिक खरे वाटते. हे नाव गावाकडचे ठरले. शिक्षणासाठी लातूर, नोकरीसाठी पुणे, अशी आपली वाट. तिथे रोज नाव दोनदा उच्चारून सांगावे लागते, तिसऱ्यांदा अक्षरे फोडून लिहून द्यावे लागते. बापाने हे भोगले की तो मुलाला असे नाव देतो जे कुठेही अडणार नाही. त्याला दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. दूरदर्शनच्या मालिका आल्या, मग भ्रमणध्वनीवर नावांच्या याद्या आल्या, आणि आत्याचा अधिकारच संपला! अर्थात नावे नेहमीच बाहेरून येत राहिली आहेत. सुभाषबाबूंनंतर मराठी घरांत किती सुभाष झाले. सचिन तेंडुलकर यांचे नाव त्यांच्या वडिलांनी संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवले, आणि १९८९ नंतर ते बंगाली नाव महाराष्ट्राच्या प्रत्येक आळीत पोहोचले. बाहेरचे नाव घेण्यात गैर काहीच नाही. माझी हरकत एवढीच की, बदल्यात जे जाते त्याची नोंद तरी राहावी.

नोंदीवरून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, कारण इथे बसलेल्या अनेकांना ती भोवली आहे. निजामाच्या राजवटीत कारभार उर्दूत होता. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. मीम, नून, मीम, ते, आणि महाप्राणासाठी एक ‘हे’. घाईत तो ‘हे’ गळला की मन्मथचा मनमत होतो. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले; पुढे १९५४-५५ ची खासरा पाहणी झाली, देवनागरी आली, पण नाव जसे कानावर पडले तसे लिहिले गेले. मनमथ, मनमत, मन्मत, मनमंत. मग आधार आले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे त्याचा आरंभ झाला. तिथे रोमन अक्षरांत नाव, आणि शेवटी ‘एच’ आहे की नाही यावर सगळे अवलंबून. सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरे, बँकेच्या पुस्तकावर तिसरे. अतिवृष्टीचे अनुदान आले की म्हातारा तीन कार्यालयांच्या पायऱ्या झिजवतो आणि प्रतिज्ञापत्र करून सांगतो की, हे तिघेही मीच आहे. वारसाची नोंद लावताना तर मुलांचे हाल विचारू नका. एका घरात मी पाहिले, मुलांनी वडिलांच्या नावाला इतके तोंड दिले होते की नातवाचे नाव ठेवताना आजीने मन्मथ सुचवले आणि घरातल्या सगळ्यांनी एकदम नको म्हटले. भक्ती कमी झाली होती असे नव्हे. शिवनाम सप्ताहाची वर्गणी त्या घराने त्याही वर्षी दिली होती.

अलीकडे मात्र दोन-तीन ठिकाणी उलटे चिन्ह दिसले. शके १९३७, म्हणजे २०१५ चा गुढीपाडवा ते २०१६ चा, या संवत्सराचे नाव मन्मथ होते. साठ संवत्सरांच्या चक्रात ते एकोणतिसावे येते. त्याआधी १९५५ मध्ये आले होते, पुढे २०७५ मध्ये येईल. त्या वर्षी पंचांग पाहून मुलाचे नाव मन्मथ ठेवल्याचे मला दोन घरांत सांगितले. अशा मुलांना शाळेत त्रास होतो का, असे मी विचारले. एका आईने सांगितले की, वर्गात चार आरव आहेत, त्यामुळे बाईंना त्यांची आडनावे घ्यावी लागतात. आमच्या एकट्याचेच नुसते नाव पुरते.

अध्यक्ष महोदयांची परवानगी असेल तर सभा संपल्यावर मी इथेच ओसरीवर बसणार आहे. मघाशी प्रवेशद्वाराशी दोघांनी सांगितले की, त्यांच्याकडे आजोबांच्या काळातल्या लग्नपत्रिका आणि उर्दूतली जुनी कागदपत्रे आहेत. ती आणावीत. आणि ज्यांच्या घरी मन्मथ नावाचे कोणी वडीलधारे आहेत, त्यांनी ते नाव स्वतः कसे लिहितात तेवढे एका चिठ्ठीवर त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून आणावे. कोरे कागद मी सोबत आणले आहेत.