डोंगरावरचा दिवा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला ‘स्मारक’ या विषयावर बोलायला सांगितले आहे. पुतळ्यांवर बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत. मी अमेरिकेतल्या एका मनोऱ्याची हकीकत सांगणार आहे. मी तिथे गेलेलो नाही, वाचलेले सांगतो.

मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रेलॉक नावाचा डोंगर आहे. उंची 3,491 फूट, त्या राज्यातला सर्वात उंच. माथ्यावर ग्रॅनाइटचा 93 फुटी मनोरा. पहिल्या महायुद्धात आणि इतर युद्धांत कामी आलेल्या तिथल्या सैनिकांचे ते स्मारक. 1933 साली लोकार्पण झाले. आतल्या जिन्याने वर चढले की चहूकडचा मुलूख दिसतो. टोकाला गोल दिवा आहे, रात्री खूप लांबून दिसतो. फोटोत पाहिले तर बुद्धिबळातले प्यादे उभे केल्यासारखे वाटते! पटावर आधी मरते ते प्यादेच. राजा-वजिराचा आकार दिला नाही, हे मला तरी बरे वाटले.

डोंगराच्या पायथ्याला ॲडम्स गाव आहे. आपल्या गिरणगावासारखेच कापडगिरण्यांचे. पोलंडहून पोटासाठी आलेली माणसे तिथे राबली. पुढे त्या गिरण्या बंद पडल्या. मी साचेखात्यातला माणूस, वाचताना इथे थांबलोच. आमची गिरणी बंद झाली, चिमणीसुद्धा पाडली. आता मुलाला कुठे उभा करून सांगू, की बाबा इथे राबत होता?

पण मनोरा बांधला आणि काम संपले, असे तिथे झाले नाही. वरचा पाऊस, बर्फ, वारा; दगडांच्या सांध्यांतून पाणी आत शिरू लागले. गळती म्हणजे काय, हे आपल्या चाळीत कोणाला सांगायला नको! मनोरा बंद ठेवावा लागला. 1970 च्या दशकात मोठी दुरुस्ती झाली, तरी पाणी मुरलेच. 2013 साली पुन्हा बंद केला, 2017 साली उघडला. पहिल्या महायुद्धातल्या त्या पोरांना ओळखणारे तोवर कोण उरले होते? तरी दुरुस्ती झाली.

आपल्याकडे कोनशिलेला हार घालायला दहाजण पुढे येतात. पावसाळ्याआधी विहाराच्या गच्चीवरचे पन्हळ साफ करायला कोण येते, ते समितीच्या लोकांना विचारा. हसू नका, खरे आहे. येत्या रविवारी सकाळी मी शिडी घेऊन येतो. दोन तरुण पोरं लागतील.

जयभीम.