विजेता आणि वस्ताद

खेळाडूच्या आयुष्याचा पूर्वार्ध आपण टाळ्या वाजवून साजरा करतों. उत्तरार्धाची चौकशी मात्र फारसा कोणी करीत नाहीं. पस्तिशीच्या सुमारास ज्याचा पाय अर्ध्या क्षणानें उशिरां पडूं लागतो, त्यानें पंधरा-वीस वर्षांत जमविलेली विद्या पुढें कोठें जाते? या प्रश्नाचा विचार आज मी सातारा-सांगलीकडील तीन खेळाडूंच्या आधारें करणार आहें. त्यांतील एक बॅडमिंटनपटु व दोघे मल्ल, हें ऐकून ही जोड कदाचित् आपणांस विजोड वाटेल. पण ती मीं जाणूनबुजूनच घातली आहे.

नंदकुमार महादेव, म्हणजेच नंदू नाटेकर यांचा जन्म १२ मे १९३३ रोजीं सांगलीस झाला. त्या वेळीं सांगली हें पटवर्धनांचें संस्थान होतें. नाटेकरांचें पहिलें प्रेम टेनिसवर होतें. १९५१-५२ च्या सुमारास कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेंत रामनाथन् कृष्णन् यांनीं त्यांस हरविलें, आणि या तरुणानें हातांतील रॅकेट बदलली. हे कृष्णन् पुढें विम्बल्डनच्या उपान्त्य फेरीपर्यंत दोनदां पोहोंचले, तेव्हां त्या पराभवांत खंत करण्यासारखें कांहीं नव्हतें. बॅडमिंटनवर मात्र कृष्णन् यांचे उपकारच झाले. १९५३ सालीं नाटेकर राष्ट्रीय विजेते झाले, आणि १९६५ पर्यंत एकेरीचें हें पद त्यांनीं सहा वेळां मिळविलें.

१९५४ सालीं ते प्रथमच ऑल इंग्लंड स्पर्धेंत उतरले व उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत गेले. त्यांची खरी कीर्ति झाली ती १९५६ सालीं. त्या वर्षीं क्वालालंपूर येथील सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्यांनीं जिंकली. परदेशांत आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटु. स्थळाचें महत्त्व येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. बॅडमिंटनमधील सांघिक विश्वविजेतेपद म्हणजे थॉमस चषक; तो १९४९, १९५२ आणि १९५५ अशा ओळीनें तीन वेळां मलायानेंच पटकाविला होता. त्या मलायाच्या राजधानींत जाऊन हें यश संपादन करणें म्हणजे सिंहाच्या गुहेंत शिरून त्याची आयाळ घेऊन येण्यासारखें होतें. १९६१ सालीं अर्जुन पुरस्कार प्रथम देण्यांत आला, त्या पहिल्या मानकऱ्यांतहि नाटेकरांचें नांव होतें.

त्यांच्या खेळाचें मर्म सांगावयाचें तर आधीं त्या पिसांच्या फुलाचा स्वभाव सांगावयास हवा. चेंडूप्रमाणें हें फूल आपला वेग टिकवून धरीत नाहीं. रॅकेटवरून सुटतांना तें बाणासारखें सुटतें, पण पिसांस हवेचा इतका विरोध होतो कीं, अर्ध्या वाटेवरच त्याचा जोर ओसरतो. त्यामुळें या खेळांत शक्तीइतकीच फसवणूक उपयोगीं पडते. हात एकाच आविर्भावानें वर जातो. प्रतिस्पर्धी तडाख्याच्या अपेक्षेनें मागें सरतो. आणि शेवटच्या क्षणीं मनगट किंचित् वळून फूल जाळ्याच्या पलीकडे अलगद टपकतें. नाटेकरांची ख्याति होती ती या मनगटाबद्दल. ज्या खेळाचे आरंभींचे नियम एकोणिसाव्या शतकांत पुण्याच्या लष्करी छावणींत लिहिले गेले आणि जो कांहीं काळ ‘पूना’ याच नांवानें ओळखला जाई, त्यांत एका सांगलीकराचा हात असा चालावा, यांत मला तरी मोठें औचित्य दिसतें.

परंतु त्या मनगटाची विद्या पुढें कोणास मिळाली? नाटेकर विजेते म्हणून अजरामर झाले. राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून कांहीं त्यांचें नांव कोणी घेत नाहीं. हा दोष त्यांचा मानतां येणार नाहीं. त्यांच्या काळीं बॅडमिंटन हा जिमखान्यांतील हौशी लोकांचा खेळ होता. नोकरी सांभाळावी, सायंकाळीं खेळावें आणि वय झालें म्हणजे रॅकेट खुंटीस टांगावी, अशी रीत. घरांत रॅकेटचा वारसा चालला खरा, पण तो टेनिसकडे वळला. चिरंजीव गौरव नाटेकर यांनीं १९९४ च्या हिरोशिमा येथील आशियाई स्पर्धेंत लिएंडर पेस यांच्या जोडीनें दुहेरीचें सुवर्णपदक मिळविलें. पित्यानें सोडलेला खेळ पुत्रानें उचलला!

आतां मल्लांकडे वळूं. सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यांतील पुनवत हें गणपतराव आंदळकरांचें गांव. त्यांचा जन्म १९३५ चा. तेव्हां शिराळा सातारा जिल्ह्यांतच होता, दक्षिण साताऱ्याचा वेगळा जिल्हा १९४९ सालीं झाला. आंदळकर १९६० सालीं हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेंत त्यांनीं ग्रीको-रोमन पद्धतींत सुवर्ण आणि मुक्त पद्धतींत रौप्य पदक जिंकलें. पण त्यांची कथा येथें संपत नाहीं. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमींत ते वस्ताद झाले आणि २०१८ सालीं निधन होईपर्यंत वस्ताद म्हणूनच लोक त्यांस ओळखीत. त्यांच्या हाताखालीं घडलेले दादू चौगुले १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेंत रौप्यपदक घेऊन आले आणि पुढें तेहि तालमींत पठ्ठे घडवूं लागले. तालमींत वृद्ध मल्लास जागा शोधावी लागत नाहीं, ती तयारच असते. तो आखाड्याच्या कडेस बसतो, पोरांचे जोर-बैठका मोजतो, पकड चुकली कीं एका शब्दांत सांगतो, आणि प्रसंगीं शिवीहि देतो. पुस्तक नाहीं, वर्ग नाहीं. पण विद्या वाहती राहते.

तालमीचें हें सुखहि सर्वांच्या वांट्यास आलें नाहीं. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ सालीं हेलसिंकीस गेले तेव्हां प्रवासखर्चाची भ्रांत होती. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं त्या विश्वासाचें सोनें केलें. कांस्यपदक मिळवून ते वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणणारे स्वतंत्र भारताचे पहिले खेळाडू ठरले. १९५५ सालीं ते पोलीस खात्यांत फौजदार झाले. खात्यांत राहून त्यांनीं क्रीडाशिक्षकाचेंहि काम केलें. तथापि कुस्तींतील पुढचें ऑलिम्पिक पदक भारतास मिळण्यास २००८ साल उजाडावें लागलें. छपन्न वर्षें!

घर गहाण ठेवण्याचा असाच प्रसंग पुढें बॅडमिंटनमध्येंहि घडला. २००१ सालीं ऑल इंग्लंड जिंकणारे पुल्लेला गोपीचंद यांनीं हैदराबाद येथें प्रबोधिनी काढण्यासाठीं आपलें घर गहाण टाकलें. २००६ मध्यें ते राष्ट्रीय प्रशिक्षक झाले आणि २००८ मध्यें प्रबोधिनी उभी राहिली. तत्पूर्वीं १९९४ मध्यें प्रकाश पदुकोण यांनीं बंगळूरास असाच उपक्रम आरंभिला होता, आणि गोपीचंद स्वतः तेथें शिकलेले. खर्डेकरांचें घर एका मल्लाच्या एका प्रवासासाठीं गहाण पडलें, गोपीचंदांचें एका तालमीसाठीं. होय, तालीमच म्हणावयाची ती! पहांटे चारच्या सुमारास दिवे लागणारी, आणि कडेस एक निवृत्त विजेता वस्ताद म्हणून उभा असलेली. सायना नेहवाल यांचें २०१२ चें कांस्य आणि पी. व्ही. सिंधू यांचें २०१६ चें रौप्य हीं ऑलिम्पिक पदकें याच वस्तादाच्या देखरेखीखालीं आलीं.

नाटेकरांनीं थॉमस चषकाच्या सामन्यांत भारतीय संघाचें नेतृत्व अनेकदां केलें होतें. चषक मात्र दूरच राहिला. २८ जुलै २०२१ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. त्यानंतर दहा महिन्यांच्या आंत, १५ मे २०२२ रोजीं, भारतानें बँकॉक येथें इंडोनेशियास हरवून तो चषक प्रथमच जिंकला. त्या संघांतील किदंबी श्रीकांत हैदराबादच्या तालमींत घडलेला होता, तर लक्ष्य सेन बंगळूरच्या.