अर्धशिशीची वही



मी डॉक्टर, म्हणून सकाळपासून तिघीचौघींनी बाजूला घेऊन एकच विचारलं, "अर्धं डोकं ठणकतं, गोळी कोणती घेऊ?" तर सगळ्यांसमोरच सांगतो.

उलटी झाली की बरं वाटतं, म्हणून आपल्याकडे याला पित्त म्हणतात. बहुतेकदा ती अर्धशिशी असते. उलटी हे तिचंच लक्षण. गोळी जरूर घ्या, दुखायला लागताच घ्या आणि अंधाऱ्या खोलीत पडा. पण मोजून घ्या. साधी वेदनाशामक गोळीही महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस, अशी तीन महिन्यांवर चालली, तर तीच रोजची डोकेदुखी होऊन बसते.

म्हणून वही घाला. तारीख, झोप, जेवण, ऊन, पाळी, गोळी. एमआयडीसीतली रात्रपाळी आणि संकष्टीचा कडक उपवास त्यात हमखास सापडतील. उपवास मोडा म्हणत नाही, पोट रिकामं ठेवू नका.

नोंदीला कमी लेखू नका. आपल्याच बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ साली आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून नोंदीच केल्या. प्राझोसिनचा उपचार पुढे त्यातूनच उभा राहिला.

तरीही दुखणं वारंवार कामं अडवत असेल, तर ते येऊच नये म्हणून घ्यायची औषधं आहेत. प्रोप्रॅनोलॉल त्यातलं जुनं, पण दमेकऱ्यांना चालत नाही. डॉक्टरांना विचारूनच घ्या.

मात्र डोकं एकाएकी कधी नव्हे इतकं फुटायला लागलं, तापात मान आखडली किंवा हातपाय लुळा पडला, तर वही राहू द्या, लगेच महाड गाठा.